डावी खळी, उजवी खळी

६ जानेवारी

बाळ्या,

तू रागावला आहेस हे मला ठाऊक आहे, आणि मीही रागावलेली आहे हे तुला ठाऊक असेलच. फोन केला तर तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, म्हणून पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, ही एक सोय.

झालं असं, की इथल्या मोठ्या रुग्णालयात एक संशोधन चालू आहे आणि मी त्यात नाव घातलंय. फॉर्मवर ‘अडचणीला कळवायचं जवळचं माणूस’ असा रकाना होता. मी बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी तुझं नाव लिहिलं. तेव्हा कोणी फोन करून ‘तुम्ही त्यांचे कोण’ असं विचारलं, तर ‘कोणी नाही’ म्हणू नकोस.

काळजीचं कारण नाही. दुखणं किरकोळ आहे. पाठ संपते आणि बैठक सुरू होते तिथे दोन बाजूंना दोन खळ्या असतात ना, त्यातली माझी डावी खळी दुखते. कपडेपटात इतकी वर्षं वाकून नटांच्या झग्यांचे घेर दुमडले, त्याचं बक्षीस असावं. आजवर मी ‘कंबर’ म्हणायचे, डॉक्टर ‘वय’ म्हणायचे आणि मलम द्यायचे. ही नवी डॉक्टर वेगळी निघाली. म्हणाली, “कुठे दुखतं ते दाखवा.” मी अख्ख्या पाठीवरून हात फिरवला. “तसं नाही, एका बोटाने.” बोट सरळ त्या खळीत गेलं. “पुन्हा.” पुन्हा तिथेच. मग तिने मला टेबलावर निजवून माझ्या पायांच्या अशा काही घड्या घातल्या की मीही कापडाच्या कधी घातल्या नसतील. दर घडीला मी ओरडले आणि दर ओरडण्याला ती खूश होत गेली.

त्या सांध्याचं नाव सॅक्रोइलियाक. मला आधी ते एखाद्या खलनायकाचं नाव वाटलं. वरच्या धडाचा सगळा भार दोन पायांत वाटून देणं हे त्याचं काम. जेमतेम केसभर हलतो म्हणे. त्या केसभरात माझा जीव जातो.

संशोधन असं: पाठीत सुई घालून त्या सांध्याच्या नसा तापवायच्या, म्हणजे त्या दुखण्याची बातमी वर पाठवणार नाहीत. पण हे अर्ध्याच लोकांना. उरलेल्यांना नुसती सुई, तापवणं नाही. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. मी विचारलं, “मला खरी मिळेल ना?” ती म्हणाली, “ते मलाही कळणार नाही, आणि तसंच असायला हवं.”

इतकंच. तुझ्या चिऊच्या लग्नाचे फोटो मिळाले. छान दिसतेय. 

तुझी,
ताई

•

१५ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. फोन आला तर ‘सख्खा भाऊ’ असं सांगेन. चिऊच्या लग्नात मात्र तुझ्याबद्दल विचारलं की ‘नाटकाचा हंगाम आहे’ असं सांगावं लागत होतं. सगळ्यांनी ‘हो का’ म्हटलं. कसं म्हटलं ते तू ऐकायला हवं होतंस. असो. पत्रात भांडायचं नाही असं मी ठरवलंय.

ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललंय. सध्या एक पशुवैद्यबाई शिकायला येतात. त्या गाडीशी म्हशीशी बोलल्यासारखं बोलतात, आणि गाडी ऐकते. माझा उजवा पाय दिवसभर माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर टांगलेला. चालायचंच.

आता जरा माहिती हवी आहे. माझ्यासाठी नाही, एका मित्रासाठी. मुद्देसूद उत्तर दे:

दुखणं मांडीच्या मागून खाली उतरतं का, आणि गुडघ्याशी थांबतं का? बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावलं चोरासारखी टाकावी लागतात का? कुशीवर वळताना आधी विचार करावा लागतो का? मोजा घालताना भिंत लागते का?

आणि ती सुई दुखते का?

मित्राला घाई नाही. पण उत्तर लवकर पाठव.

तुझा,
बाळ्या

•

२ फेब्रुवारी

बाळ्या,

तुझ्या मित्राला सांग: हो, हो, हो, आणि मोज्यासाठी मी आता भिंत नाही, कपाट वापरते. ते जास्त स्थिर आहे. बिचारा दिसतो तुझा मित्र. मला वाटलं नव्हतं तू कुणाच्या मोज्यांची इतकी चौकशी करत असशील.

सुई काल झाली. त्याआधी मागच्या महिन्यात एक चाचणीची सुई झाली होती, तिने तो सांधा फक्त काही तासांपुरता बधिर करतात. दुखणं थांबलं तर गुन्हेगार तोच, हे पक्कं. बाळ्या, ती एक दुपार. मी रुग्णालयातून चालत निघाले आणि उगाचच तीन दुकानं हिंडले. एका दुकानात खुर्ची होती, तीत दोन्ही बाजूंनी सारखी बसले. दुकानदार म्हणाला, “काय दाखवू?” मी म्हटलं, “काही नको, बसलेय.” संध्याकाळी दुखणं परत आलं, पाहुणा पिशवी विसरला म्हणून परत येतो तसं.

कालची सुई म्हणजे वेगळाच सोहळा. पालथं निजवलं. सुई टोचणारा डॉक्टर वेगळा, त्याला बोलायची बंदी, न जाणो तोंडून काही निघून जायचं. यंत्र सगळ्यांसाठी सारखंच गुणगुणतं. मी कान टवकारून पडले होते, काही उमगलं नाही.

माझ्यानंतर आत गेलेले गृहस्थ अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. बाहेर आले ते छाती काढून. म्हणाले, “मला खरी मिळाली. तीस वर्षं आगी विझवल्यात, गरमी पाठीला कळते.” मी म्हटलं, “मला काहीच कळलं नाही.” तर माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

महिन्याने तपासणी. शून्य ते दहा असं किती दुखतं ते सांगायचं. माझं आतापर्यंत सात आहे. पण किरकोळ सात.

ताई

•

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

किरकोळ सात ही काय भानगड आहे? मी शिकणाऱ्यांना सांगतो, ताशी साठ म्हणजे साठ, ‘हळू साठ’ असं काही नसतं.

मित्र विचारतोय, फरक पडला का. त्याला इथल्या एका खासगी दवाखान्यात हाच उपचार सुचवलाय. तिथले डॉक्टर फार गोड बोलतात. इतकं गोड की त्याला जरा शंका येते. माझ्या ओळखीत ते केलेलं माणूस तू एकटीच. तुला खरी मिळाली की खोटी ते माहीत नाही हे त्याला समजावलं. तो म्हणाला, “बरं वाटलं तर खरीच असणार.” त्याचं डोकं असंच चालतं.

तेव्हा जे असेल ते लिही.

आणि तीन वर्षांपूर्वीच्या तुझ्या सत्काराचा विषय तू काढला नाहीस, म्हणून मीच काढतो. मी आलो नाही. कळवलं होतं, गाडी बंद पडली म्हणून. गाडी शिकवणाऱ्याची गाडी बंद पडते यावर तू विश्वास ठेवला नसशील. पण तू तसं कधी बोललीही नाहीस, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

बाळ्या

•

१० मार्च

बाळ्या,

सत्काराचं जाऊ दे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. शेवटी तीत नाट्यगृहाचं मांजर बसलं. मी बोलले नाही कारण बोलले असते तर रडले असते, आणि पदर सत्काराच्या साडीचा होता.

आता चांगली बातमी. मी टुणटुणीत आहे. महिन्याच्या तपासणीत मी ‘तीन’ सांगितलं. डॉक्टरने लिहून घेतलं, तिचा चेहरा काय उजळला. जिने चढते, वाकते, परवा एका राजाच्या अंगरख्याला सलग अस्तर लावलं. तुझ्या मित्राला सांग, काही घाबरायचं कारण नाही. आमचे अग्निशमनवाले तर तपासणीला पायऱ्यांवरून उड्या मारत आले आणि मला म्हणाले, “तुमची पण खरी दिसतेय.” आम्ही पुन्हा बोलायला लागलो आहोत.

ताई

•

२४ मार्च

प्रिय ताई,

वाचून फार बरं वाटलं. पत्र दोनदा वाचलं. मित्रानेही.

त्याने लगेच दवाखान्यात फोन केला. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सुई, उजव्या बाजूला. घरच्यांना अजून सांगितलं नाही, करून आल्यावर सांगणार. फार कंटाळला होता गं. परवा शिकवणी संपल्यावर गाडीतून उतरता येईना. आधी दार धरलं, मग छत धरलं, मग ती पशुवैद्यबाई म्हणाली, “मास्तर, तुम्ही मागच्या बाजूने उतरताय का पुढच्या?” आणि तिने काखेत हात घालून मला, म्हणजे त्याला, बाहेर ओढलं. वासरू ओढतात तसं.

तू बरी झालीस म्हटल्यावर आता चिऊकडे तरी जाऊन ये. ती विचारते, आत्याचं माझ्यावर काही चिडणं आहे का. मी काय सांगू?

बाळ्या

•

२८ मार्च

बाळ्या,

मित्राला सांग, सुई रद्द कर. आधी रद्द कर, मग पुढचं वाच.

मी टुणटुणीत नाही. मी पहिल्यासारखीच आहे. तीन नाही, सात. अस्तर लावलं ते खरं, पण त्यानंतर दोन दिवस कपडेपटातल्या फरशीवर आडवी होते आणि मुली माझ्यावरून उडी मारून इस्त्रीकडे जात होत्या.

खोटं का सांगितलं ते सांगते. ती डॉक्टर उभ्याउभ्या डबा खाते. दोन वर्षं या कामात आहे, डोळ्यांखाली काळं आलंय. तिने “किती?” विचारलं आणि अशा आशेने बघितलं की माझ्या तोंडून ‘सात’ निघेना. एखाद्या नटीने झगा घालून ‘कशी दिसते’ विचारलं की आपण जे म्हणतो तेच म्हटलं. आणि तुला लिहिताना वाटलं, तिला तीन, तुला सात, असं कशाला. शिवाय मला तुझ्या नजरेत आजारी व्हायचं नव्हतं.

तुझं पत्र आलं. तशीच रुग्णालयात गेले. तिला म्हटलं, “मी तुम्हाला तीन सांगितलं, ते सात होतं.” तिने घास खाली ठेवला. “असं का केलंत?” मी म्हटलं, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून.” तिने डबा बंद केला. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही कुठल्या गटात आहात ते मला माहीत नाही. तुम्हाला खोटी सुई मिळाली असेल, तर तुमच्या गोड तीनमुळे माझी खरी सुई हरली. खरी मिळाली असेल, तर तुमच्या तीनवर विसंबून कोणीतरी ती पाठीत घालून घेईल. मी खूश कशासाठी होऊ?”

कोणीतरी. बाळ्या, माझ्या हातात तुझं पत्र होतं.

आधीचा आकडा खोडता येत नाही म्हणे. शेजारी तारीख घालून कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं, ‘रुग्णाने पूर्वीचा आकडा सौजन्यापोटी सांगितला.’ मग हसली. पहिल्यांदाच खरी हसली. तेव्हा तो आधीचा उजळलेला चेहरा माझ्याच मनचा होता, हेही कळलं.

आता तू सांग. उजवा पाय दिवसभर ब्रेकवर टांगलेला कोणाचा असतो? तुझ्या मित्राला मास्तर कोण म्हणतं?

आणि चिऊला सांग, आत्याचं काही चिडणं नाही. मी लग्नाला निघाले होते. तिच्यासाठी शिवलेला झगा घेऊन स्टेशनवर गेले. बाकावर बसले, गाडी आली, आणि मला उठताच येईना. गाडी डोळ्यांदेखत गेली. इतक्या तासांचा बसून प्रवास झेपला नसताच. ‘नाटकाचा हंगाम’ हे मी त्याच बाकावर बसून ठरवलं. बाकावरून उठता येत नाही म्हणून आत्या आली नाही, हे ऐकायला कसं वाटलं असतं.

ताई

•

५ एप्रिल

ताई,

सुई पुढे ढकलली आहे. रद्द म्हणायला जीभ वळेना. दवाखान्याच्या गोड डॉक्टरांना मी म्हटलं, “माझी बहीण ज्या संशोधनात आहे त्याचा निकाल लागू दे.” ते म्हणाले, “त्यात काय, आमच्याकडे सगळ्यांना बरं वाटतं.” मी म्हटलं, “माझ्या बहिणीलाही वाटलं होतं, लिहिण्यापुरतं.”

हो, मीच. मित्र वगैरे कोणी नाही. असला मित्र मला परवडला नसता. तीन वर्षं उलटली. आधी तुला सांगणार होतो, पण तू नेहमी म्हणायचीस ना, बाळ्याला जरा खरचटलं की घर डोक्यावर घेतो. म्हटलं, एकदा तरी न घेऊन बघू.

आता तुझ्या सत्काराचं. गाडी बंद पडली नव्हती. मी स्वतः चालवत निघालो होतो. निम्म्या वाटेवर पाय सुन्न झाला, ब्रेक दाबला की नाही ते पायाला कळेना. मी शिकवणारा माणूस, ताई. गाडी कडेला लावली आणि मागच्या सीटवर आडवा पडलो. तिकडे तुझं भाषण चालू असेल त्या वेळी मी छताकडे बघत होतो. मग टेम्पोवाल्याला बोलावून गाडीसकट परत आलो.

म्हणजे तू लग्नाला न येण्याचं आणि मी सत्काराला न येण्याचं कारण एकच सांधा. आणि तीन वर्षं आपण एकमेकांवर तोंड फुगवून. मी हे बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की तिची पाठ धरली.

चिऊ रडली. मग म्हणाली, “झगा कुठाय?”

तुझा,
बाळ्या

•

१९ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

मधल्या पत्रांत सगळं कळवत होतेच, पण आजचं सविस्तर. निकाल लागला. मी शेवटच्या तुकडीतली, म्हणून आमचे सहा महिने भरेपर्यंत सगळे खोळंबले होते. काल एकेकाला आत बोलावून कोणाला काय मिळालं ते सांगितलं.

मला खरी मिळाली होती.

मी म्हटलं, “मग मला गुण का नाही आला?” डॉक्टर म्हणाली, “सगळ्यांना येत नाही. किती जणांना येतो आणि नुसत्या सुईपेक्षा जास्त येतो का, हेच शोधत होतो.” आणि आमच्या या अभ्यासात तरी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत सुटले. ज्यांना बरं वाटलं त्यांत खोट्या सुईवालेही होते.

अग्निशमनवाले माझ्यानंतर आत गेले. बराच वेळ बाहेर येईनात. मग आले, माझ्याशेजारी बसले. “नुसती सुई,” म्हणाले. “आग नव्हतीच.” मला वाईट वाटलं. मी विचारलं, “आता परत दुखायला लागलं का?” त्यांनी उठून दोन पावलं टाकून बघितली. “नाही,” म्हणाले, “तेच तर.” आणि जिना उतरून गेले, पूर्वीसारखेच, एक-एक पायरी गाळत.

मला वाटलं डॉक्टर खचली असेल. दोन वर्षांचं काम, आणि हाती बरोबरी. तसं विचारलं तर म्हणाली, “हरल्यासारखं काल वाटलं होतं. आज वाटतंय की कोणाच्या तरी पाठीत एक सुई कमी जाईल.” मी तुझं नाव घेतलं नाही, पण तुझी पाठ डोळ्यांसमोर आली.

आता ती पुढचं संशोधन सुरू करतेय. यात सुई नाही. एका गटाला रोज ठरावीक व्यायाम, दुसऱ्याला कमरेखाली बांधायचा पट्टा. इथे कोणाला काय हे लपवता येणार नाही, कारण पट्टा दिसतो. तिला माणसं कमी पडतायत. मी विचारलं, “एका घरातले दोघे चालतील का?” म्हणाली, “चालतील, पण व्यायामवाल्याने पट्टेवाल्याला काही शिकवायचं नाही.” म्हटलं, आमच्यात कोणी कोणाचं ऐकत नाही, तुम्ही निर्धास्त राहा.

तपासण्यांना काही आठवडे इथे राहावं लागेल. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. गादी कडक आहे. खात्री करून घेतली आहे.

तू येशील का?

ताई

•

२ नोव्हेंबर

ताई,

दवाखान्याला कळवून टाकलं, आता कायमचं रद्द.

येतो. बसून नाही, झोपून. खालच्या बर्थचं तिकीट काढलंय, रात्री निघून सकाळी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, उभं राहावं लागेल. आलीस तर बाकावर बसू नकोस, उठता येत नाही.

शाळा पशुवैद्यबाई बघणार आहेत. त्या आता माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात, कारण त्या ओरडत नाहीत.

बाळ्या

•

२३ नोव्हेंबर

लाडके चिऊ,

तुझे वडील सुखरूप आहेत. तुला फोनवर ‘सगळं ठीक’ इतकंच सांगतात असं कळलं, म्हणून हे पत्र. कपडेपटातल्या कापड बेतायच्या उंच टेबलाशी उभी राहून लिहितेय. पलीकडच्या टोकाला तुझे वडील उभे राहून पेपर वाचतायत आणि मी काय लिहितेय ते वाकून बघायचा प्रयत्न करतायत, पण त्यांना वाकता येत नाही.

कॉम्प्युटरने मला पट्टा दिला आणि त्यांना व्यायाम. ‘तुझी तिथे ओळख आहे’ असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी ते पलीकडच्या खोलीत दार लावून व्यायाम करतात, मी बघून शिकू नये म्हणून. दाराआडून नुसतं “एक... दोन... आई गं” ऐकू येतं. परवा पहिली तपासणी झाली. त्यांनी आत जाऊन दणदणीत आवाजात “आठ” सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सकाळी तर मला सहा म्हणालास.” तर म्हणाले, “ते तुझ्यासाठी होतं.” मी त्यांना तस्सं आत परत पाठवलं. डॉक्टरने विचारून विचारून सात पक्कं केलं, आणि मला म्हणाली, “तुमच्या घरात हे आनुवंशिक आहे.” दुखण्याबद्दल म्हणाली असावी.

व्यायामाने बरं वाटेल की पट्ट्याने, की नुसतं दिवस गेल्याने, हे इतक्यात कोणालाच सांगता यायचं नाही. आम्ही दोघांनी खरं सांगायचं कबूल केलंय, एवढंच आमच्या हातात आहे.

तुझा झगा सोबतच्या पार्सलमध्ये आहे. लग्न होऊन गेलं म्हणून कपाटात ठेवू नकोस, बाजूच्या शिवणीत सैल करायला जागा ठेवली आहे. मी तो घेऊन निघाले होते, हे तुला कळलं, मला तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट तुझे वडील तुला सांगणार नाहीत. त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते, त्यांनी नको म्हटलं तरी. गाडी थांबली आणि ते दाराचा दांडा धरून उतरले, उजवीकडे झुकलेले. मी उभी, डावीकडे झुकलेली. तीन वर्षांनी भेटलो. मग ते म्हणाले, “तू म्हातारी दिसतेस.” मी म्हटलं, “तू वाकडा दिसतोस.” आणि त्यांनी आपली उजवी बाजू माझ्या डाव्या बाजूला टेकवली, खांद्याला खांदा, आणि आम्ही चालायला लागलो. फलाट लांबलचक होता. हमालाने आम्हाला बघून गाडा बाजूला घेतला. चिऊ, कितीतरी दिवसांनी मी सरळ चालत होते.

तुझी,
आत्या